एक कप बदाम म्हणजे किती ग्रॅम? सुक्या मेव्याचं वजन आणि माप यांची अदलाबदल

पाककृतीत १५० ग्रॅम बदाम मागितलेले असतात आणि हाताशी असतो फक्त मापाचा कप. किंवा याच्या उलट: पाककृती दीड कप अक्रोड म्हणते आणि पाकिटावर फक्त ग्रॅम छापलेले असतात. पाण्या-दुधाच्या बाबतीत हा प्रश्न चटकन सुटतो. सुक्या मेव्याला मात्र ‘एक कप म्हणजे अमुक ग्रॅम’ असं एकच उत्तर नाही, कारण भरलेल्या कपात फक्त मेवा नसतो. दाण्यांच्या फटींत हवा असते आणि ती बरीच असते.

किती, ते शेंगदाण्यावरून नीट कळतं. २३७ मिलिलिटरचा कप अख्ख्या शेंगदाण्यांनी भरला तर वजन साधारण १४६ ग्रॅम येतं. तेच शेंगदाणे वाटून गुळगुळीत पीनट बटर केलं तर ते जेमतेम १३५ मिलिलिटर भरतं, म्हणजे अर्ध्या कपाहून थोडंच जास्त. भांड्याला चिकटलेलं सोडलं तर वजन होतं तेवढंच आहे. कमी झाली ती हवा. म्हणजे काठोकाठ भरलेल्या त्या कपातली चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामीच होती.

दाणा चिरला, दळला, कप आपटला किंवा वरून दाबला की या हवेचं प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर कपाचं वजनही. ग्रॅम मात्र बदलत नाहीत. म्हणून रूपांतर नेहमी ग्रॅमच्या वाटेनं करावं. पूड हवी आहे आणि घरात अख्खे बदाम आहेत, तर ‘दोन कप पुडीला किती कप बदाम’ असा थेट अंदाज बांधू नये. आधी पुडीचे ग्रॅम काढायचे, मग त्या ग्रॅमचे अख्खे बदाम मोजायचे. पायरी एक वाढते, पण चुकायला जागा उरत नाही.

आधी आपला कप किती मिलिलिटरचा आहे ते बघा

‘कप’ हे जगभर एकच माप नाही. अमेरिकेतल्या पाककृतींमधला कप २३६.६ मिलिलिटरचा असतो आणि व्यवहारात त्याला २३७ धरतात. तिथल्याच खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या लेबलवर तो २४० धरला जातो. ऑस्ट्रेलियात मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा आहे आणि जपानमध्ये २०० चा. २०० आणि २५० मिलिलिटरच्या कपांत अख्ख्या बदामांचा फरक तब्बल ३० ग्रॅमचा पडतो. त्यामुळे पाककृती कुठली आहे हे पाहून घेतल्याशिवाय आकडेमोडीला हात घालू नये. चहाचा कप किंवा वाटी हे तर मापच नव्हे.

आपला कप तपासायला घरातला डिजिटल काटा पुरतो. रिकामा कप काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणा आणि कप अगदी काठापर्यंत पाण्यानं भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलिलिटरचा तुमचा कप. साध्या तापमानाला एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम असतं, स्वयंपाकापुरता एवढा काटेकोरपणा भरपूर झाला. हा आकडा कपाच्या बुडाला मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा मोजावं लागणार नाही.

चमच्यांचंही पाहून घ्या. टेबलस्पून म्हणजे मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियात २० चा. टीस्पून सगळीकडे ५ चा. अमेरिकी कपात १६ मोठे चमचे बसतात, हे लक्षात ठेवलं की कपाच्या ग्रॅमला १६ ने भागून एका चमच्याचं वजन मिळतं.

मुख्य आकडे

पुढचे आकडे २३७ मिलिलिटरच्या कपाचे आहेत. कप सैल हातानं भरलेला आणि वरून सपाट केलेला, शीग न लावता. हे अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांमधले आकडे आहेत आणि जगभरच्या बहुतेक रूपांतरांच्या मुळाशी तेच असतात.

बदाम: अख्खे १४३ ग्रॅम, उभ्या सळ्या १०८, पातळ काप ९२, पूड ९५
अक्रोड: अर्धे गर १००, चिरलेले तुकडे ११७, पूड ८०
हेझलनट: अख्खे १३५, चिरलेले ११५, पूड ७५
पेकान (अक्रोडासारखा अमेरिकी मेवा): अर्धे गर ९९, चिरलेले १०९
शेंगदाणे: अख्खे कच्चे १४६
काजू: भाजलेले, अख्खे आणि पाकळ्या मिसळून १३७
पिस्ते: सोललेले १२३
मॅकाडेमिया: १३४
चिलगोजे किंवा पाइन नट: १३५
पीनट बटर २५८, बदामाचं बटर २५०

कप २५० मिलिलिटरचा असेल तर प्रत्येक आकड्याला १.०५५ ने गुणा. २०० चा असेल तर ०.८४५ ने. २४० च्या कपासाठी काहीच करायची गरज नाही, फरक दीड टक्क्याचाही नाही.

या आकड्यांत पाच ते दहा टक्के इकडेतिकडे होणारच. बदामाच्या जाती लहान-मोठ्या असतात, काप करणाऱ्या यंत्राची जाडी वेगळी असते, तुमचे तुकडे माझ्या तुकड्यांपेक्षा बारीक असतात. दोन चांगल्या तक्त्यांत चिरलेल्या अक्रोडाचा कप एकात ११३ आणि दुसऱ्यात ११७ ग्रॅम दिसला तर दोन्ही बरोबर आहेत असं समजा.

चिरल्यावर बदाम हलका, अक्रोड जड

तक्ता बारकाईनं वाचला तर एक गोष्ट खटकते. बदामाचे काप केले की कपाचं वजन १४३ वरून ९२ वर घसरतं. अक्रोड चिरले की ते १०० वरून ११७ वर चढतं. सुरी तीच, मग परिणाम उलटा का?

कारण मूळ दाण्याच्या घडणीत आहे. अख्खा बदाम भरीव आणि गुळगुळीत असतो. बदाम एकमेकांवरून घसरत घसरत आपापली जागा घेतात आणि कप बऱ्यापैकी दाटीनं भरतो. त्याचे पातळ काप केले की ते आडवेतिडवे पडतात, एकमेकांवर टेकून राहतात आणि प्रत्येक दोन कापांमध्ये मोठी फट सोडतात. अक्रोडाचा अर्धा गर मुळातच वेडावाकडा असतो. वर वळ्या, खाली खोलगट भाग, मध्ये खाच. असे गर कपात घातले की त्यांच्या पोटातच हवा अडकते. चिरल्यावर ते खोलगट आकार मोडतात आणि लहान तुकडे मोठ्या तुकड्यांमधल्या जागा भरून काढतात, म्हणून वजन वाढतं. पेकानचंही असंच आहे, पण त्याचा गर अक्रोडाइतका वाकडा नसल्यानं फरक कमी, ९९ वरून १०९.

मग पूड केली की सगळेच मूळ दाण्यापेक्षा हलके का होतात? सुक्या मेव्याची पूड तेलकट असते. तिचे कण साखरेसारखे मोकळे वाहत नाहीत, एकमेकांना चिकटून भुसभुशीत ढिगारा करतात. अक्रोड आणि हेझलनटच्या पुडीत हे सर्वांत जास्त जाणवतं. हीच पूड बोटांनी दाबली तर सहज खाली बसते, आणि म्हणूनच पूड हा प्रकार मापानं मोजायला सर्वांत बेभरवशाचा आहे. सैल भरलेला बदाम-पुडीचा कप ९५ ग्रॅमचा, तोच दाबून भरला तर ११० च्या पुढे जातो.

यातून एक कामाचा नियम निघतो. एका प्रकाराचा आकडा दुसऱ्या प्रकाराला कधीही लावू नका, आणि एका मेव्यात जे घडतं तेच दुसऱ्यातही घडेल असं धरून चालू नका. पाककृतीत अक्रोडाऐवजी बदाम घालायचे असतील तर कपाला कप बदलू नका, ग्रॅमला ग्रॅम बदला.

मोजायचं आधी की चिरायचं आधी

‘१ कप चिरलेले अक्रोड’ आणि ‘१ कप अक्रोड, चिरून’ या दोन ओळी वेगळ्या आहेत. पहिलीत आधी चिरायचं आणि मग कप भरायचा: ११७ ग्रॅम. दुसरीत आधी कप भरायचा आणि मग चिरायचं: १०० ग्रॅम. बदामाच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो. ‘१ कप बदामाची पूड’ म्हणजे ९५ ग्रॅम, ‘१ कप बदाम, पूड करून’ म्हणजे १४३, जवळजवळ दीडपट. केकच्या मिश्रणात दीडपट पूड पडली तर तो जड आणि तेलकट होणारच.

पाककृती लिहिणाऱ्यानं हे जाणून लिहिलंय की सहज, हे ओळीवरून कळत नाही. शंका असेल तर बाकीच्या घटकांकडे पाहा. त्यात मैदा, साखर, लोणी ग्रॅममध्ये दिलेलं असेल तर पुडीचे ग्रॅमही कुठेतरी दिलेले असण्याची शक्यता असते. नसतील तर लिहिलेला क्रम जसाच्या तसा पाळा.

रूपांतर करायची रीत

सूत्र साधं आहे. कपावरून ग्रॅम हवे असतील तर कपांच्या संख्येला त्या प्रकाराच्या आकड्यानं गुणा. ग्रॅमवरून कप हवे असतील तर ग्रॅमला त्या आकड्यानं भागा. पण सूत्रापेक्षा उदाहरणांतून हात लवकर बसतो.

१५० ग्रॅम अख्खे बदाम, कप २३७ चा. १५० भागिले १४३ म्हणजे १.०५. एक पूर्ण कप, वर ७ ग्रॅम उरले. एका मोठ्या चमच्यात साधारण ९ ग्रॅम बदाम बसतात, म्हणजे एक कप आणि एक चमचा, किंचित कमी. कप २५० चा असेल तर आकडा १५१ होतो आणि तुमचं काम एका कपातच भागतं.

दीड कप चिरलेले अक्रोड, घरात अर्धे गर. १.५ गुणिले ११७ म्हणजे साधारण १७५ ग्रॅम. गराचा कप १०० ग्रॅमचा, म्हणून पावणेदोन कप गर घेऊन चिरायचे. दीड कप गर घेऊन चिरले असते तर २५ ग्रॅम कमी पडले असते.

दोन कप बदामाची पूड, घरात अख्खे बदाम. २ गुणिले ९५ म्हणजे १९० ग्रॅम. १९० भागिले १४३ म्हणजे १.३३, म्हणजे एक कप आणि वर एक तृतीयांश कप. दळताना थोडं भांड्याला लागतं आणि चाळणीवर भरड उरते, म्हणून पाच-दहा ग्रॅम जास्त घ्या आणि चाळल्यावर पुन्हा वजन करा. मिक्सर थांबत थांबत फिरवा. एकसारखा फिरवला की तेल सुटतं आणि पुडीचा लगदा होतो. पाककृतीतल्या साखरेतली दोन-तीन चमचे साखर बदामाबरोबर दळली तर पूड मोकळी राहते, मात्र तेवढी साखर पुढे वजा करायला विसरू नका.

एक कप पीनट बटर घरी करायचं. २५८ ग्रॅम लागतील, म्हणजे तितकेच शेंगदाणे. २५८ भागिले १४६ म्हणजे १.७७, साधारण पावणेदोन कप. हे वजन भाजून सोललेल्या दाण्यांचं हवं.

कवच, साल, भाजणं आणि भिजवणं

इथे हवेचा प्रश्न बाजूला राहतो आणि वजनच खरोखर बदलतं. कवचासह घेतलेल्या अक्रोडात आणि पिस्त्यात ढोबळमानानं निम्मं वजन कवचाचं असतं. १२३ ग्रॅम, म्हणजे कपभर सोललेले पिस्ते हवे असतील तर कवचासकट २५० ग्रॅम घ्यावेत. हेझलनटमध्ये गर निम्म्याहून थोडा कमी निघतो. कवचाच्या बदामात जातीनुसार इतका फरक असतो की फोडून, सोलून मग वजन केलेलं बरं.

भाजल्यावर दाण्यातलं पाणी उडतं. कच्च्या शेंगदाण्यात सहा-सात टक्के पाणी असतं, त्यामुळे १०० ग्रॅमचे भाजून साधारण ९५ ग्रॅम उरतात आणि साल पाखडली की आणखी थोडे कमी. बदाम-अक्रोडात मुळात पाणी चार टक्क्यांच्या आसपास, म्हणून घट त्याहून कमी. बदामाची साल गरम पाण्यात टाकून काढली तर दाण्याच्या वजनाचे चार ते आठ टक्के सालीबरोबर जातात. पाककृतीत ‘भाजलेले’ किंवा ‘सोललेले’ १०० ग्रॅम मागितले असतील तर कच्चे ११० ग्रॅम घेऊन सुरुवात करावी.

भिजवलेल्या मेव्याचं वजन किती तास भिजवला यावर अवलंबून असतं. त्यामुळे वजन नेहमी भिजवण्याआधी करा.

कप भरण्याची पद्धत

काटा नसेल तर निदान कप एकाच रीतीनं भरा. मोठ्या चमच्यानं मेवा कपात सोडायचा, कप आपटायचा नाही, हलवायचा नाही, वरून बोट दाबायचं नाही. काठाच्या वर आलेला भाग सुरीच्या सपाट पाठीनं बाजूला करायचा. अख्ख्या दाण्यांना सुरी चालत नाही, तिथे काठाशी जेमतेम समतल वाटेल एवढं ठेवा. शीग लावलेल्या कपात सहज वीस-तीस ग्रॅम जास्त जातात.

पाव कपानं चार वेळा मोजलेले अख्खे बदाम आणि एका कपानं एकदा मोजलेले बदाम सारखे भरत नाहीत. कपाच्या भिंतीलगत दाणे नीट बसत नाहीत, तिथे फटी जास्त राहतात. लहान कपात भिंतीलगतचा भाग तुलनेनं मोठा, म्हणून चार पाव कपांचं वजन थोडं कमी येतं. शक्य असेल तिथे मोठंच माप वापरा. पुडीच्या बाबतीत हा फरक जवळजवळ नसतो.

कुठे काटा हवाच, कुठे अंदाज चालतो

वरून भुरभुरायचा मेवा, सॅलडमध्ये घालायचे तुकडे, ब्रेडच्या पिठात मळायचे अक्रोड: इथे दहा-पंधरा ग्रॅम कमी-जास्त झाल्यानं काहीही बिघडत नाही. कप वापरा आणि पुढे चला.

जिथे मेव्याची पूड मैद्याचं काम करते तिथे मात्र मी काट्याशिवाय हात लावू नये असंच म्हणेन. मॅकरॉन, म्हणजे बदाम-पुडीची फ्रेंच बिस्किटं, हे त्याचं ठळक उदाहरण. बदामाची पूड, पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा भाग यांचं प्रमाण थोडं जरी हललं तरी मिश्रण पसरतं किंवा वर तडे जातात. मैदा न घालता फक्त बदाम-पुडीवर केलेले केकही याच जातीचे. दोन कप पुडीत सैल आणि दाबून भरण्याचा फरक ३० ग्रॅमच्या पुढे जातो, आणि एवढी पूड केक जड करायला पुरेशी असते.

नट बटर मापानं मोजलं तर चिकटून राहतं. कप आतून तेलाचा हात लावून घ्या, किंवा भांडं काट्यावर ठेवून थेट त्यात काढा.

औंसचा घोळ

अमेरिकी पाककृतींत औंस दोन अर्थांनी येतो. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो. द्रवाचा औंस हे आकारमान आहे, २९.६ मिलिलिटर. ‘८ औंसचा कप’ हे फक्त द्रवाच्या औंसाला लागू पडतं. ८ औंस बदाम म्हणजे २२७ ग्रॅम, आणि ते एक कप नव्हे, जवळजवळ एक कप आणि तीन पंचमांश कप भरतात. सुक्या मेव्यापुढे औंस लिहिला असेल तर तो वजनाचाच समजा. ४ औंस चिरलेले अक्रोड म्हणजे ११३ ग्रॅम, आणि योगायोगानं तो साधारण एक कप येतो. हीच सोय बदामाच्या कापांना लावायची नाही, तिथे ११३ ग्रॅमला सव्वा कप लागेल. पाउंड दिला असेल तर ४५४ ग्रॅम धरा.

काटाही नाही, मापाचा कपही नाही

मग दाणे मोजा. थोड्या प्रमाणासाठी ही पद्धत कपापेक्षाही भरवशाची आहे, कारण यात हवेचा संबंधच येत नाही. २८ ग्रॅम म्हणजे एक औंस भरायला साधारण २३ बदाम लागतात, १८ काजू, २१ हेझलनट, ४९ सोललेले पिस्ते, अक्रोडाचे १४ अर्धे गर किंवा पेकानचे १९ अर्धे गर. म्हणजे एक बदाम सव्वा ग्रॅमचा आणि अक्रोडाचा अर्धा गर दोन ग्रॅमचा. ५० ग्रॅम बदाम हवे असतील तर ४० मोजून त्यात एखादा जास्त टाका, १०० ग्रॅम अक्रोडाला ५० अर्धे गर.

काटा हाताशी आला की आपल्या घरात नेहमी येणाऱ्या मेव्याचा स्वतःचा तक्ता करून ठेवा. रोजच्या कपानं एकच मेवा तीनदा भरा, तिन्ही वेळा वजन घ्या, सरासरी काढा आणि प्रकारासकट लिहा: ‘बदाम, अख्खे’, ‘बदाम, मिक्सरची पूड, चाळलेली’. तीन वजनांत दहा ग्रॅमहून जास्त फरक येत असेल तर कप भरण्याची पद्धत दर वेळी बदलते आहे, पुन्हा मोजा. पाकिटाचा ब्रँड बदलला, विशेषतः काप आणि पूड विकत घेत असाल, तर त्या ओळीपुरतं नव्यानं वजन करून आकडा दुरुस्त करा.